तळहातावरची चोपडी, टेबलावरचा पेंग्विन

दिवाळीची साफसफाई म्हणजे घरातलं उत्खननच. माळ्यावरून पितळी समई निघते, बंद पडलेला टेपरेकॉर्डर निघतो, आणि एखाद्या खोक्यातून चामडी पाकिटात गुंडाळलेली राखाडी वडी बाहेर पडते. वर काच, खाली चार बटणं, पाठीला खोचलेली दातकोरणीसारखी काडी. घरातली धाकटी विचारते, "हा कुठला मोबाइल?" मोबाइल नाही गं, ही तळहातावरची चोपडी. अमेरिकेतल्या नाहीतर आखातातल्या नातेवाइकाच्या बॅगेतून जळगाव-धुळ्यात उतरलेली. कुणाची पाम, कुणाची सायन, कुणाची नुसतीच डिजिटल डायरी.

खानदेशाला चोपडीचं कौतुक नवं नाही. लक्ष्मीपूजनाला चोपडीची पूजा होते आणि चोपडा नावाचा अख्खा तालुकाच जळगाव जिल्ह्यात आहे. प्रश्न एवढाच, की या विजेच्या चोपडीतलं लिहिलेलं आज टेबलावरच्या पेंग्विनछाप लिनक्स संगणकात उतरवायचं कसं? आते काय करानं भो? उत्तर शोधता शोधता ज्या गमती सापडल्या त्या इथे मांडतो. क्रम लावायच्या भानगडीत पडलेलो नाही.

खिशातला ठोकळा

पामचा जन्मदाता जेफ हॉकिन्स. यंत्र तयार व्हायच्या आधी त्याने लाकडाचा एक ठोकळा कापून घेतला आणि तो खिशात घालून हिंडू लागला. कुणी भेटीची वेळ मागितली की ठोकळा काढायचा आणि काडीने त्यावर लिहिल्याचं नाटक करायचं. खिशात मावतो का, हातात बसतो का, दिवसातून किती वेळा काढावासा वाटतो, हे सगळं त्याने लाकडावरच आजमावलं. मार्च १९९६मध्ये खरं यंत्र बाजारात आलं: पायलट १०००. स्मृती १२८ किलोबाइट. रोज सकाळी गुलाबाच्या फुलासकट येणारं 'सुप्रभात' व्हॉट्सअॅपवर साधारण तेवढीच जागा खातं.

कोर्टाने नाव घालवलं, लिनक्सने ठेवलं

'पायलट' या नावावर पेन बनवणाऱ्या पायलट कंपनीने हरकत घेतली आणि १९९८च्या पाम ३पासून यंत्रावरचं ते नाव गेलं. लिनक्सच्या बाजूला मात्र हा निरोप पोचला नसावा. यंत्र जोडायची मूळ साधनं 'पायलट-लिंक', वहीसारखा पडदा उघडून देणारं जड मॉन्टगोमेरीचं 'जे-पायलट', केडीईचं 'केपायलट', ग्नोमचं 'ग्नोम-पायलट'. जिकडे तिकडे पायलट. एखादी गल्ली जुन्या दुकानाच्या नावाने ओळखली जाते. दुकान उठून तीस वर्षं होतात, पण रिक्षावाल्याला तेच नाव सांगावं लागतं, तसलाच हा प्रकार.

ग्राफिटी म्हणजे इंग्रजीची मोडी

पामवर काडीने लिहायची लिपी होती ग्राफिटी. नियम एकच: जवळपास प्रत्येक अक्षर काडी न उचलता, एका फटकाऱ्यात. ए म्हणजे नुसतं घराचं छप्पर, मधली आडवी रेघ नाही. टी म्हणजे आडवी रेघ आणि तिथूनच खाली. मोडीचं तत्त्व तरी वेगळं काय होतं? लेखणी कमी उचलायची आणि हात पळता ठेवायचा. मोडी कुणी आणली याचं श्रेय परंपरेने हेमाडपंताला मिळालं. ग्राफिटीच्या श्रेयावरून मात्र थेट कोर्टकचेरी झाली. एका फटकाऱ्याची अक्षरं आमची, असं म्हणत झेरॉक्स कंपनीने १९९७मध्ये दावा ठोकला. २००३मध्ये पामने दुसरी लिपी आणली, लोकांनी नाकं मुरडली, आणि पुढच्याच वर्षी कोर्टाने झेरॉक्सचं ते पेटंटच रद्दबातल ठरवलं. वैतागलेल्या लोकांची बोटं तोवर नव्या वळणाला लागली होती.

केबल महाराष्ट्राएवढी जुनी

पहिल्या पामच्या पाळण्यातून, म्हणजे यंत्र ठेवायच्या बैठकीतून, निघणारी केबल नऊ पिनांच्या सिरीयल पोर्टात बसायची. त्या पोर्टामागचं प्रमाण, आरएस-२३२, १९६० सालचं. म्हणजे महाराष्ट्र राज्य आणि ही केबल एकाच वर्षाची लेकरं. त्याच सुमारास पूर्व खानदेशाचा जळगाव जिल्हा झाला आणि पश्चिम खानदेशाचा धुळे. राज्य साठी ओलांडून पुढे गेलं, पण आजच्या लॅपटॉपवर नऊ पिनांचं ते भोक औषधालाही सापडत नाही.

उपाय स्वस्त आहे. जळगावच्या गोलाणी मार्केटात किंवा धुळ्यात आग्रा रोडला यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर मागा. आतली चिप बहुधा प्रोलिफिकची, एफटीडीआयची किंवा त्यांच्यासारखी दिसणारी असते. 'सारखी दिसणारी' यातच खरी मजा आहे. २०१४मध्ये एफटीडीआयने विंडोजसाठी असा ड्रायव्हर सोडला, की नक्कल चिप दिसली की तो तिचा ओळखक्रमांकच शून्य करून टाकायचा. चांगली चालणारी केबल एका रात्रीत मुकी! प्रोलिफिकच्या विंडोज ड्रायव्हरांनीही पुढे जुन्या चिपांना दार बंद केलं. लिनक्समध्ये या चिपांचे ड्रायव्हर कर्नलसोबतच, म्हणजे प्रणालीच्या गाभ्यासोबतच येतात आणि केबलची जातपात विचारत नाहीत. एफटीडीआयने मुक्या केलेल्या चिपा लिनक्सवर बसूनच पुन्हा बोलत्या करणारेही निघाले.

तारवाला अजून ड्युटीवर

केबल लावली की लिनक्समध्ये ती 'टीटीवाय यूएसबी शून्य' अशा नावाने हजर होते. टीटीवाय म्हणजे टेलिटाइप, तारेवर चालणारं टंकयंत्र. आपल्याकडची तारसेवा जुलै २०१३मध्ये बंद झाली, पण तारयंत्राचं नाव प्रत्येक लिनक्स संगणकात रोज हजेरी लावतं. भुसावळसारख्या रेल्वेच्या गावात तारेच्या टकटकाटात ज्यांची नोकरीची वर्षं गेली, त्यांना हे ऐकून बरं वाटेल.

माझी फजिती इथेच झाली. केबल बरोबर, पाळणा बरोबर, सेल नवे, तरी संगणक म्हणे परवानगी नाही. अख्खी संध्याकाळ गेली. शेवटी कळलं, की उबुंटूत सिरीयल पोर्ट वापरायचा तर आपलं नाव 'डायलआउट' नावाच्या गटात घालावं लागतं. मोडेमवरून फोन फिरवायच्या काळातला हा गट. फोन फिरवणं गेलं, गट राहिला. नाव घातलं, लॉगआउट करून परत आलो, आणि पहिल्या झटक्यात काम झालं. चूक सोळा आणे माझी, पण शिव्या केबलने खाल्ल्या.

आधी बटण की आधी कमांड?

या एका प्रश्नावर किती संध्याकाळी वाया गेल्या असतील, देव जाणे. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

सिरीयल केबल असेल तर आधी संगणकावर कमांड द्यायची. पायलट-लिंक अदबीने सांगतं, की आता हॉटसिंकचं, म्हणजे दोन्हीकडचा मजकूर जुळवायचं, बटण दाबा. मग पाळण्यावरचं बटण दाबायचं. सरळ मामला.

यूएसबीवाल्या पामचं तंत्र उलटं. बटण दाबेपर्यंत हे यंत्र संगणकाच्या लेखी अस्तित्वातच नसतं. बटण दाबलं की ते जागं होतं, लिनक्समध्ये एकदम दोन पोर्ट उगवतात, शून्य आणि एक, आणि काम बहुधा दुसऱ्याने होतं. सिंक संपलं की दोन्ही गायब. आधी कमांड दिली तर संगणक म्हणणार, असलं पोर्टच नाही. उशिरा दिली तर पाम कंटाळून झोपी जाणार. बटण दाबायचं, दोन-तीन श्वास थांबायचं, मग कमांड. कळण्याची भाकरी तव्यावर कधी उलटायची हे जसं पुस्तकातून येत नाही, तसंच हे.

दोन पोर्टांची ही तऱ्हा सांभाळणाऱ्या कर्नलमधल्या ड्रायव्हरचं नाव 'व्हायजर'. हॉकिन्स आणि त्याचे सोबती पाममधून बाहेर पडले आणि १९९८मध्ये त्यांनी हँडस्प्रिंग काढली. त्यांचं पहिलं यंत्र व्हायजर, त्यावरून हे नाव. ड्रायव्हर लिहिला ग्रेग क्रोआ-हार्टमनने, जो पुढे लिनक्स कर्नलच्या स्थिर आवृत्त्यांचा कारभारी म्हणून जगभर ओळखला गेला.

आधी सावकाश, मग सुसाट

पाम आणि संगणक यांची ओळख सेकंदाला ९६०० बिट या वेगाने सुरू होते. दोघं एकमेकांचा अंदाज घेतात, मग ठरवून वेग वाढवतात. नव्या व्याह्यांच्या गप्पांसारखंच: पहिली पाच मिनिटं पाऊसपाण्याची चौकशी, मग गाडी रुळावर. ९६००वर सेकंदाला साधारण ९६० अक्षरं जातात, म्हणजे पहिल्या पायलटची पूर्ण स्मृती सव्वादोन मिनिटांत पलीकडे. पुढच्या आठ मेगाबाइटच्या पामला ५७६००च्या वेगानेही चोवीस मिनिटं हवीत. तेवढ्यात जळगावहून सुटलेली गाडी भुसावळच्या आउटरला येऊन उभी राहते. तिथे ती किती वेळ उभी राहील हा वेगळा विषय.

कुलूप उघडलं, मग घरच बदललं

पायलट-लिंकची सुरुवात केनेथ अल्बानोव्स्की आणि जेफ डिऑन या जोडीने केली. यंत्र केबलवरून काय बोलतं ते ऐकून त्यांनी ती भाषा उलगडली आणि साधनं सगळ्यांना मोफत दिली. तेवढ्यावर ते थांबले नाहीत. १९९८मध्ये याच दोघांनी लिनक्सच उचलून पामच्या ड्रॅगनबॉल प्रोसेसरवर चालवलं. त्या चिमुकल्या लिनक्सचं नाव यूसीलिनक्स, आणि ते पुढे असंख्य छोट्या यंत्रांत गेलं.

जि. धुळे, मु. पो. नंदुरबार

आता खास आपल्या भागाची गंमत. १९९७ सालची पत्त्यांची फाइल उघडली तर नंदुरबार, शहादे, तळोदे या सगळ्यांपुढे 'जि. धुळे' असंच दिसणार. नंदुरबार जिल्हा झाला १ जुलै १९९८ला. चूक कुणाचीच नाही. चोपडी जुन्या नकाशावर थांबली आहे.

फोन नंबरांचंही तसंच. जळगावचा एसटीडी कोड ०२५७, धुळ्याचा ०२५६२, ते जिथल्या तिथे आहेत. पण लँडलाइनच्या नंबरांपुढे मध्येच एक २ येऊन बसला. जुन्या चोपडीतला जळगावचा सहा आकडी नंबर आज फिरवाल तर बाई सांगणार, कृपया नंबर तपासून पाहा. सहाशे नंबर हाताने कोण दुरुस्त करणार? इथे लिनक्सची थोरवी कळते. पायलट-लिंक पत्ते साध्या मजकुरात उतरवून देतं, आणि मग 'सेड' नावाचं १९७४चं अवजार एका ओळीच्या हुकमावर सगळ्यांपुढे २ लावून टाकतं. चहा गाळून होईपर्यंत काम फत्ते. लँडलाइन उचलायला आता घरी कुणी असतं का, हे विचारू नका.

पामवर ळ नव्हताच, बरं का. जुन्या पामचा अक्षरसंच एका बाइटात मावणारा, पाश्चात्त्य युरोपापुरता. त्यामुळे जळगाव, धुळे, अमळनेर, भुसावळ, यावल सगळे रोमन वेशात, आणि ळ आणि ल एकाच रांगेत. काळे आणि काले हे दोन गृहस्थ त्यात वेगळे ओळखायचे तर फोन लावण्यावाचून इलाज नाही.

खासगी म्हणजे किती खासगी?

पामवर नोंदीला 'खासगी' अशी खूण करता यायची. पासवर्ड टाकल्याशिवाय ती पडद्यावर दिसत नसे. लोक बिनधास्त बँकेचे आकडे ठेवत. प्रत्यक्षात ती होती फक्त एका बिटाची खूण, मजकूर आत होता तसाच उघडा. लिनक्सवर बॅकअप उतरवला की खासगी आणि सार्वजनिक सगळं एकाच पंगतीत जेवायला बसायचं. मारवाड्याच्या वहीतली मोडी यापेक्षा जास्त सुरक्षित होती म्हणायची.

किंडलवाल्यांनो, तुम्हीही पामवालेच

पामच्या फाइलींचा साचा म्हणजे पीडीबी. सुरुवातीला ३२ बाइटांत नाव, मग नोंदींची यादी, मग नोंदी. हा साचा मोबीपॉकेट नावाच्या ई-पुस्तकांनी उचलला, आणि २००७मध्ये किंडल आलं ते मोबीपॉकेटचाच वारसा घेऊन. म्हणजे जुन्या किंडलवर तुम्ही कादंबरी वाचलीत तेव्हा आतला डबा पामचाच होता.

सायनवाल्यांचा वाडा वेगळा

डॉ. डेव्हिड पॉटर यांची ब्रिटिश कंपनी सायन. १९८४मध्ये पहिला ऑर्गनायझर, १९९७मध्ये सुबक कीबोर्डची सिरीज ५. लिनक्सवर 'पीएलपीटूल्स' टाकलं तर सायन चक्क एका फोल्डरसारखी उघडते: फाइल ओढा, इकडे टाका, झालं. पामपेक्षा हे मला जास्त सुटसुटीत वाटतं, पामभक्त रागावले तरी चालेल. सायनच्याच प्रणालीतून १९९८मध्ये सिंबियन निघाली, आणि खानदेशात घरोघर नसली तरी गल्लोगल्ली ती पोचली, नोकियाच्या ६६००सारख्या फोनांच्या पोटात बसून. त्या नोकियांसाठी लिनक्सवर 'नोकी' आणि 'गामू' अशी साधनं आहेत. गामू हे नाव ऐकून हसू येतं, पण जुन्या फोनमधले एसएमएस उतरवताना ते अजिबात गमवत नाही. स्वस्तातल्या बऱ्याच डिजिटल डायऱ्यांना मात्र संगणकाशी बोलायची सोयच नव्हती. त्यांचे नंबर वहीतच उतरवा.

आपला देशी गडी

तळहातावरचा संगणक स्वतःच लिनक्सवर चालला तर? २००१मध्ये बंगळुरूत हा विचार यंत्राच्या रूपात उभा होता: सिंप्युटर. भारतीय विज्ञान संस्थेचे विजय चंद्रू, स्वामी मनोहर, रमेश हरिहरन, व्ही. विनय ही प्राध्यापक मंडळी, आणि एन्कोर सॉफ्टवेअरचे विनय देशपांडे. कल्पना अशी, की गावात यंत्र एक आणि प्रत्येकाकडे आपलं स्मार्टकार्ड. आपलं कार्ड घाला, आपली चोपडी उघडेल. वाचता न येणाऱ्यासाठी ते देशी भाषांत बोलून दाखवणार होतं. त्यातून निघालेल्या 'ध्वनी' या मुक्त प्रणालीत पुढे मराठीही आली. २००४मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवलेला 'अमिदा' सिंप्युटर बाजारात आला. हात हलवला की पान उलटायचं, आयफोनच्या तीन वर्षं आधी! खपला मात्र नाही. स्वस्त मोबाइलने त्याला गाठलं. माझं मत विचाराल तर कल्पना पहिल्या नंबरात पास, बाजाराने तोंडी परीक्षेत नापास केलं.

खजिना यंत्रात नसतोच

एक कडू बातमी. जुन्या पामची सगळी स्मृती सेलच्या जिवावर. सेल बदलायला साधारण मिनिटभराची सवलत, त्यापुढे सगळं कोरं. वीज गेली तरी मजकूर टिकवणारी पाम २००४मध्ये आली. म्हणजे माळ्यावरून निघालेल्या त्या वडीत नवे सेल घातले तर ती चालू होईल, पण आत कुणी नसेल.

मग पत्ते कुठे आहेत? ज्या संगणकाशी ती कधीकाळी जोडली होती, त्याच्या हार्डडिस्कवर. जे-पायलट दर सिंकला सगळ्याची प्रत एका फोल्डरमध्ये ठेवतं. त्याचं नाव टिंबाने सुरू होतं, म्हणून लिनक्स ते एरवी दाखवत नाही. त्यात पत्ते, कामं, टिपणं, भेटी अशा चार फाइली असतात, आणि त्या वाचायला पामची गरजच नाही.

जपलेल्या प्रतीचं हे मोल खानदेशाला कुणी शिकवायला नको. चाळीसगावजवळ पाटणला भास्कराचार्यांच्या नातवाने आजोबांच्या ग्रंथांसाठी मठ काढला, त्याची नोंद दगडात कोरलेली आहे, सेल लागत नाहीत. आसोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं. त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनी आणि घरच्यांनी गाणी वहीत उतरवून घेतली, म्हणून १९५२मध्ये त्यांचं पुस्तक निघालं. जळगावचं विद्यापीठ आज त्यांच्या नावाने आहे. आणि धुळ्यात तर इतिहासाचार्य वि. का. राजवाडे. गावोगाव हिंडून त्यांनी दप्तरं गोळा केली, मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे २२ खंड काढले. त्यांच्या पश्चात जानेवारी १९२७मध्ये उभ्या राहिलेल्या राजवाडे संशोधन मंडळात ते मोडी कागद जपून ठेवले आहेत. राजवाड्यांना वाळवीने खाल्लेली दप्तरं मिळत. आपल्याला खराब सेक्टर मिळतात, एवढाच फरक.

तारखांचा घोळ

पामचं घड्याळ १ जानेवारी १९०४पासून सेकंद मोजतं, लिनक्सचं १ जानेवारी १९७०पासून. मधला फरक २०८ कोटी २८ लाख ४४ हजार ८०० सेकंदांचा. तो वजा करायला विसरलात तर तारखा सहासष्ट वर्षं सरकतात आणि फाइलीवरची तारीख भलत्याच शतकात जाते. शिवाय पाम वर्ष लिहायला सातच बिट वापरते, म्हणून तिचं कॅलेंडर ३१ डिसेंबर २०३१ला संपतं. त्या दिवशी बुधवार आहे.

म्हणजे घाई नाही, पण फार वेळही नाही. या दिवाळीत माळ्यावरचा जुना सीपीयू भंगारवाल्याच्या गाडीवर टाकण्याआधी दोन स्क्रू फिरवा आणि हार्डडिस्क तेवढी बाजूला काढून ठेवा.